खडू, चुनखडी की चॉक? आणि अमोनाइटला काय म्हणावं?

गोदाकाठ: मुलांसाठी जीवाश्मांवरचा मजकूर अनुवादित करते आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे, क्रिटेशस काळाच्या (डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या) उत्तरार्धातले पांढरे कडे आणि त्यांत सापडणारे अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाचे नामशेष समुद्री प्राणी, हा विषय. मी ‘खडूचे कडे’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘चुनखडीचे’ केलं. चुनखडी म्हटलं की मला करडा, टणक दगड दिसतो. याची तर पूड हाताला लागते. तुम्ही काय लिहाल?

सातपुडा: चुनखडी चूक नाही, ढोबळ आहे. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांच्या चुनेरी चकत्या तळाशी साचून हा दगड झाला. क्रिटेशस हे नावच लॅटिन ‘क्रेटा’, म्हणजे खडू, यावरून पडलंय. हा धागा तोडू नका, खडूच ठेवा.

वऱ्हाडी: पण फळ्यावरचा खडू आता बहुतेक जिप्समचा, म्हणजे वेगळ्याच खनिजाचा असतो. मुलं तोच समजतील. सरळ ‘चॉक’ लिहा.

सातपुडा: चॉक लिहिल्यावर काय वेगळं समजणार आहेत? तेव्हाही फळाच आठवणार!

शब्दवेडा: ‘खटिका’वरून खडी, खडू. मग क्रिटेशसला ‘खटीयुग’ का म्हणू नये?

वऱ्हाडी: कारण ते कोणीच म्हणत नाही.

गोदाकाठ: आणि अमोनाइट? ‘शाळिग्राम’ चालेल का? आजीच्या देवघरात होता, मुलांना लगेच कळेल.

ब्रायटनकर: नको. नेपाळातल्या गंडकी नदीतले शाळिग्राम हेही अमोनाइटच, पण ते काळ्या शेल खडकातले (चिखलाचे थर घट्ट होऊन झालेल्या), बरेचसे क्रिटेशसच्या आधीच्या ज्युरासिक काळातले, म्हणजे कितीतरी जुने. इथे इंग्लंडात पीसहेवनच्या किनाऱ्यावर ओहोटीला कड्याखालच्या खडकात हातभर व्यासाची वेटोळी उघडी पडतात, ती पांढरी. कवच अरॅगोनाइट या चुनेरी खनिजाचं होतं, ते विरघळलं. आत भरलेला चिखल तेवढा दगड होऊन उरला. त्याला ‘शंख’ म्हणणंसुद्धा मला पटत नाही.

मालवणी: शंख नाहीच. हा प्राणी आमच्या माकलाच्या, म्हणजे स्क्विडच्या गोतातला. ‘माकूळ’ शब्द कुठेतरी यायलाच हवा, किनाऱ्यावरच्या पोरांना झटकन कळेल.

सातपुडा: शिवाय शंख म्हणजे हातात मावणारी वस्तू. जर्मनीत झेपेनराडे इथे १८९५ मध्ये मिळालेला अमोनाइट अपुरा असूनही पावणेदोन मीटरच्या आसपास भरतो.

शब्दवेडा: अमोन हा इजिप्तचा देव, त्याची शिंगं मेंढ्याची. म्हणून अमोनाइट. आपण ‘मेंढशिंगी’ म्हणू या. अस्सल मराठी, आणि अर्थही तोच.

वऱ्हाडी: मेढशिंगी हे झाड आहे हो! लांब, वाकड्या शेंगा येतात त्याला. आमच्या जंगलात भरपूर आहे.

शब्दवेडा: झाड ‘मेढ’, मी ‘मेंढ’ म्हणतोय. अनुस्वाराने फरक पडतो.

मालवणी: बोलताना कुणाला कळणार तो अनुस्वार?

सातपुडा: आमच्याकडे तर ‘मेडशिंगी’ म्हणतात, ‘ढ’ नाहीच.

वऱ्हाडी: ‘ढ’च बरोबर. मूळ मेंढ्याचं शिंगच ना?

सातपुडा: मग संस्कृतातली मेषशृंगी? ती तर गुडमार नावाची औषधी वेल. एकाच नावाच्या दोन वनस्पती कशा काय झाल्या?