मदत हवी आहे: समुपदेशकच परीक्षक असेल तर ज्युनिअरने जायचं कुठे?

नमस्कार मंडळी. मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात एक ज्युनिअर रात्री खोलीवर आला आणि म्हणाला, "मी गे आहे." घरी माहीत नाही, मित्रांना नाही. इतका थरथरत होता की मी नुसतं "बरं, बस आधी" म्हणालो. (शहाणपणाचं काहीतरी नंतर सुचलं, नेहमीप्रमाणे.)

त्या दिवशी मानसोपचाराच्या तासाला सर समलैंगिकतेला 'विकृती' म्हणाले होते आणि मागच्या बाकांवर हशा पिकला होता. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली ती आजारांच्या यादीतून काढली, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "यादीतून काढली, सरांच्या डोक्यातून कुठे काढलीय?"

त्याची झोप उडालीय. कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात बसतात तेच सर, तोंडी परीक्षेलाही समोर तेच. अमेरिकेत मेडिकल कॉलेजांना मान्यता देताना अटच असते, की विद्यार्थ्यावर उपचार करणाऱ्याने त्याचं मूल्यमापन करायचं नाही. आमच्याकडे विचारलं तर "सगळं गोपनीयच असतं हो."

बाहेरचा समुपदेशक पारखायचा कसा? 'बरा करतो' म्हणणारा निघाला तर? आणि त्याचं नाव न फुटता कॉलेजकडे मागणी कशी करायची? 'वय आहे, जाईल निघून' छापाचे सल्ले कृपया नकोत.

प्रतिसाद १:
फोन तुम्ही करा, त्याला लावायला सांगू नका. सरळ विचारा, "कल बदलायचे उपचार करता का?" उत्तर गोलगोल आलं की फोन ठेवा. मात्र तो जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर ही पारख राहू द्या. एकटं सोडू नका, त्याच दिवशी तातडीच्या विभागात न्या.

अर्ज त्याच्यासाठी करूच नका. 'समुपदेशक आणि परीक्षक वेगळे हवेत' ही नापास झालेल्याची, व्यसनात अडकलेल्याचीही गरज आहे. वर्गभर सह्या मिळतील. 'विकृती'बद्दलचं पत्र वेगळं, नंतर. १९७२ साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जॉन फ्रायर आपल्याच संघटनेच्या अधिवेशनात आपण समलैंगिक असल्याचं बोलले, तेही मुखवटा घालून, आवाज बदलून. तुमच्या ज्युनिअरला तर मुखवटाही लागायला नको.

धागाकर्ता:
सह्यांचं पटलं. मसुदा उद्या इथेच टाकतो, चुका काढा.