मदत हवी: प्रादेशिक योजनेतल्या (जमिनीचा वापर ठरवणाऱ्या सरकारी आराखड्यातल्या) गावात बांधकाम परवानगी कोण देतं?

माळरान: शेतात घर बांधायचंय, गवंडी ठरलाय, पाऊस तोंडावर आलाय. ग्रामपंचायत म्हणते तहसीलला जा, तहसीलमधले म्हणतात नगररचनेला विचारा. फाइल द्यायची कुठे, एवढंच सांगा.

कडुनिंब: गावठाणात की बाहेर? झोन कोणता, म्हणजे योजनेत जमीन शेतीसाठी दाखवलीय की राहण्यासाठी? गाव एखाद्या प्राधिकरणाच्या हद्दीत आहे का?

बांधावरून: आधी बिनशेती करून घ्या, बाकी आपोआप होतं. आम्ही तेच केलं.

कडुनिंब: सरसकट असं सांगू नका. शेतघर असेल तर बिनशेती लागत नाही. मात्र क्षेत्राची अट आहे, किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण ४० गुंठे.

पुणेरी_मोजणी: आमच्याकडे २०१५ साली पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आलं, तेव्हापासून परवानगी तिथूनच. ऑनलाइन अर्ज करा.

माळरान: आमच्याकडे प्राधिकरण नाही. जिल्ह्याची प्रादेशिक योजना मंजूर आहे. जमीन गावठाणाबाहेर, वडिलांच्या नावावर. झोनचं कुणी बोललंच नाही.

कडुनिंब: मग सरळ आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम १८ बघा. पालिकेच्या हद्दीबाहेर परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची. नगररचना शाखा नकाशा तपासून अभिप्राय देते. आधी गट नंबर देऊन झोन दाखला काढा. हरित पट्टा निघाला तर काय बांधता येईल ते त्यावर ठरतं.

ग्रामसभा_हवी: मुळात या योजना करतं कोण? प्रादेशिक नियोजन मंडळ. अध्यक्ष शासन नेमतं, सचिव नगररचना अधिकारी. शेतकऱ्याच्या जमिनीवर पिवळा (रहिवास) की हिरवा (शेती) रंग, हे गावाला विचारल्याशिवाय ठरावं का? घटनेत जिल्हा नियोजन समिती आहे, तिचे चार पंचमांश सदस्य निवडून आलेले असतात. हे काम तिच्याकडे हवं.

कडुनिंब: त्या समितीचं काम जिल्ह्याच्या विकास आराखड्याचा मसुदा करणं. गटनिहाय झोन ठरवण्याची यंत्रणा तिच्याकडे नाही. आणि प्रारूप योजनेवर हरकती मागवतातच.

ग्रामसभा_हवी: राजपत्रातली नोटीस गावात कोण वाचतं? मुदत संपल्यावर कळतं.

बांधावरून: झोन बदलून घ्या ना मग.

कडुनिंब: तो कलम २० चा फेरबदल, शासन स्तरावरचा. एका घरासाठी त्या वाटेला जाऊ नका. माळरान, सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र किती आहे?

माळरान: ३५ गुंठे, पण त्यात चुलत्यांचं नाव पण आहे. त्यांची संमती लागेल का?