शिक्षा जड वाटली म्हणून कोर्ट ती हलकी करत नाही

वर एकांनी लिहिलंय की सरकारी नोकरीतून बडतर्फी झाली तर सरळ पर्वरीला, म्हणजे गोव्यातल्या हायकोर्टात जा, शिक्षा कमी होते. इतकं सोपं नाही हो. सुप्रीम कोर्टाने १९९५ साली बी. सी. चतुर्वेदी खटल्यात स्पष्ट सांगितलंय की अशा शिक्षा तपासण्याचा कोर्टाचा अधिकार हा अपिलाचा नव्हे. न्यायाधीश पुरावा नव्याने तोलत नाहीत, चौकशी नियमाने झाली का ते बघतात. शिक्षा ऐकूनच धक्का बसावा इतकी अवास्तव असेल तरच हात घालतात, आणि बहुतेकदा प्रकरण फेरविचाराला खात्याकडेच परत जातं. रणजित ठाकूर खटला (१९८७) हे अशा अवास्तव शिक्षेचं ठळक उदाहरण. जेवायला नकार दिला म्हणून जवानाला वर्षाची कैद आणि वर बडतर्फी! ती टिकली नाही.

माझ्या मावसभावाची फाईल मी स्वतः चाळलीय. शिक्षा जड आहे यावर वकिलांच्या जेमतेम दोन ओळी. सगळा भर कशावर, तर चौकशी अहवालाची प्रत मिळाल्याची त्याची सही कुठेच नाही यावर.

आणि आधी खात्यातलं अपील करा. गोव्यात १९६५चे सीसीएस (सीसीए) नियम, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांवरची कारवाई आणि अपील यांचे नियम, लागू आहेत, अपिलाची मुदत ४५ दिवस. ते दिवस साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर घालवू नका.