जनुकचाचणी सक्तीची करा म्हणे! जरा दमानं घ्या

उंटावरचा_शहाणा:
'जनुकं न तपासता गोळी घेणं हा शुद्ध जुगार, चाचणी सगळ्यांना सक्तीची करा' असा धागा काल कुणीतरी काढला आणि खाली नुसत्या टाळ्या. राहवेना म्हणून लिहितोय. एचआयव्हीवरच्या अबाकाविरआधी एचएलए-बी जनुकाचा ५७:०१ प्रकार बघा, कबूल. फिट्सवरच्या कार्बामाझेपिनआधी त्याच जनुकाचा १५:०२ प्रकार बघा, तेही कबूल. पहिल्यानं जीवघेणी ॲलर्जी होते, दुसऱ्यानं अंगावरची कातडी सोलवटून निघते, तिथे हयगय नको. पण सरसकट? रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचं काय झालं? २०१३ साली दोन मोठे अभ्यास एकदमच छापून आले. युरोपातला म्हणाला जनुकं बघून डोस ठरवण्यात फायदा आहे, अमेरिकेतला म्हणाला नाही. उलट तिथे कृष्णवर्णीय रुग्णांच्या डोसाचं गणित जनुकं बघून जास्तच बिघडलं.

कावलेली:
तुमचं बरंय, सगळं पुस्तकी. माझ्या वडिलांना स्टेंट घातल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल सुरू होतं. स्टेंट पुन्हा तुंबला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, 'गोळ्या चुकवल्या का?' आई रोज पाकिटावर तारीख टाकून गोळी द्यायची! ती रिकामी पाकिटं समोर ठेवली तरी चेहऱ्यावर तोच संशय. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी २सी१९ (यकृतात ही गोळी कामाला लावणाऱ्या विकराचं जनुक) तपासलं, तर जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी. गोळी पोटात जात होती, पण यकृतात तिचं औषध बनतच नव्हतं. अमेरिकेत हा इशारा २०१० पासून माहितीपत्रकावर चौकटीत छापतात.

उंटावरचा_शहाणा:
वाईट झालं, खरंच. पण स्टेंट तुंबायला कारणं छप्पन असतात. एका अहवालावरून सक्ती?

रात्रपाळी:
मला दुपारी चारला कॉफी घेतली की पहाटेपर्यंत टक्क जाग. नवरा रात्री दहाला पिऊन घोरतो. हे कॉफीतलं कॅफीन मोडणाऱ्या १ए२ या यकृतातल्या विकराचंच ना?

टपोरा_थेंब:
नवरा सिगारेट ओढतो? धुरानं १ए२ चेकाळतं, कॉफीचा निकाल झटपट लागतो. जनुकंबिनुकं नंतर.

रात्रपाळी:
माझ्या नवऱ्याच्या चौकशा कशाला? (ओढतो.)

कावलेली:
इथे जिवाचा प्रश्न चाललाय आणि तुमचं कॉफीपुराण!

टपोरा_थेंब:
ताई, मुद्दा तोच आहे. क्लोझापिन हे मनोविकारावरचं औषधही १ए२च मोडतं. ते घेणारा माणूस दवाखान्यात भरती होतो, सिगारेट सुटते, डोस तोच राहतो आणि रक्तातली पातळी चढते. जनुकांचा अहवाल मात्र जसाच्या तसा.

उंटावरचा_शहाणा:
चला, एक तरी माझ्या बाजूचा निघाला.

टपोरा_थेंब:
छे हो. कोडीन हे वेदनाशामक सोयीस्कर विसरलात. २डी६ (कोडीनचं मॉर्फिन करणारं विकर) अतिवेगवान असलेल्या मुलांत नेहमीच्याच डोसाचं भराभर मॉर्फिन झालं, टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर श्वास थांबून मुलं दगावली.

उंटावरचा_शहाणा:
आणि त्यावर उपाय काय केला? घरोघरी चाचण्या? २०१७ मध्ये अमेरिकेनं बारा वर्षांखाली कोडीनच नको म्हटलं. विषय संपला.

कावलेली:
बंद करायला दुसरं औषध हाताशी लागतं. कॅन्सरवरचं फ्लुओरोयुरासिलही बंद करणार? ते औषध शरीरात मोडायला लागणारं डीपीवायडी जनुक निकामी असलेला पहिल्याच फेरीत दगावू शकतो. युरोपच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये आधी तपासा म्हणून सांगितलं, ते काय हौस म्हणून?

उंटावरचा_शहाणा:
बरं, घाला ते नाव यादीत. पण यादीच, सरसकट नाही.

कावलेली:
उपकार झाले.

रात्रपाळी:
मग ह्यांनी सिगारेट सोडली तर कॉफीही कमी करायची का?

टपोरा_थेंब:
हो. नाहीतर कॉफीनं झोप उडेल, चिडचिड होईल आणि खापर सिगारेट सोडण्यावर फुटेल.