चर्चा: महिनोन्‌महिने वल्हवून समुद्र वाचतो का?

दर्यावेडी:
गेली सात वर्षं मी कयाक, म्हणजे छोटी अरुंद होडी, वल्हवते. पुढच्या मोसमात आम्ही तिघं, सोबत मदतीला एक बोट घेऊन, किनाऱ्याकिनाऱ्याने सहा आठवडे जायचं म्हणतोय, समुद्रातल्या प्लॅस्टिकबद्दल लोकांशी बोलायला. घरातून पहिला प्रश्न आला, "तुम्ही वल्हवल्याने समुद्र कसा स्वच्छ होणार?" प्रश्न रास्त आहे, म्हणून इथे मांडते.

कयाकमध्ये बसलं की डोळे पाण्यापासून जेमतेम दोन हात वर असतात. मोठ्या बोटीवरून जे निळंशार दिसतं, ते इथून तसं दिसत नाही. वाऱ्याने पाण्यावर फेसाची लांब रेघ जमते, तिच्यात थर्मोकोलचे मणी, नायलॉनच्या दोरीचे तुकडे, बाटल्यांची बुचं. वल्हं उचललं की पात्याला दोन-चार मणी चिकटून वर येतात आणि पुढच्या फटक्याला परत पाण्यात जातात. तासभर हेच. हे स्वतः बघितलेला माणूस बोलतो तेव्हा लोक थांबून ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

रोझ सॅव्हेज यांचं उदाहरण माझ्या मनातून जात नाही. सल्लागाराची नोकरी सोडून त्यांनी 2005 ते 2011 या काळात अटलांटिक, पॅसिफिक आणि हिंदी महासागर एकटीने वल्हवत पार केले. 2008 मध्ये पॅसिफिकमध्ये त्यांची पाणी गोडं करणारी यंत्रं बंद पडली. त्याच वेळी मार्कस एरिक्सन आणि जोएल पास्कल प्लॅस्टिकच्या 15,000 बाटल्यांच्या तराफ्यावरून हवाईकडे निघाले होते आणि त्यांचं अन्न संपत आलं होतं. भर समुद्रात रोझची या दोघांशी गाठ पडली. त्यांनी रोझना पाण्याचं यंत्र दिलं, रोझनी त्यांना खायला दिलं. दोन्ही मोहिमा प्लॅस्टिकविरुद्धच होत्या. आकडे विसरतात, ही गोष्ट विसरत नाही कुणी.

कोरडा_किनारा:
असहमत. तुमच्या धाडसाबद्दल आदर आहे, पण हिशोब वेगळं सांगतो. 2015 च्या एका अभ्यासाचा अंदाज होता की 2010 या एका वर्षात 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेलं. ते जमिनीवरून गेलं, कारण कचऱ्याची नीट विल्हेवाट लागत नव्हती. उत्तर पॅसिफिकच्या कचरापट्ट्याचा 2018 चा अभ्यास म्हणतो की तिथल्या वजनापैकी सुमारे 46 टक्के मासेमारीची जाळी आहेत. यातलं काय वल्हवल्याने कमी होतं?

शिवाय कयाक प्लॅस्टिकची, सोबतची बोट डिझेलवर. आणि तुम्ही अडकलात तर जवळच्या मालवाहू जहाजाला वाट सोडून यावं लागतं, तो सागरी नियमच आहे. तेवढ्या पैशात एखादं गाव कचरा वेगळा करायला लागेल.

लाटेवरचा:
लुईस प्यू यांना विसरलात. 2015 मध्ये हा माणूस अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात बर्फाळ पाण्यात पोहला, मग ते क्षेत्र राखीव करायला विरोध करणाऱ्या रशियाचं मन वळवायला मॉस्कोला जाऊन अधिकाऱ्यांशी बोलत राहिला. ऑक्टोबर 2016 मध्ये 24 देश आणि युरोपीय संघाने तिथलं 15.5 लाख चौरस किलोमीटर क्षेत्र राखीव करायला मान्यता दिली. हे वल्हवणं नव्हे, पोहणं आहे. पण मुद्दा तोच.

कोरडा_किनारा:
@लाटेवरचा, तो प्रस्ताव अमेरिका आणि न्यूझीलंडने आधीच मांडला होता. शास्त्रज्ञ आणि वाटाघाटी करणारे वर्षानुवर्षं खपत होते. पोहण्याने शेवटचा धक्का दिला असेल, भिंत त्यांनीच आधी खिळखिळी केली होती.

लाटेवरचा:
मग तो धक्का देणारा लागतोच ना?

मासळीवाली_आत्या:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. नुसतं "जागृती" म्हणून निघणाऱ्यांचा मलाही कंटाळा येतो. फोटो होतात, सत्कार होतो, पुढच्या आठवड्यात सगळे विसरतात. पण लिझी कार यांनी 2016 मध्ये इंग्लंडच्या कालव्या-नद्यांतून फळीवर उभ्याने वल्हवत सुमारे 640 किलोमीटर अंतर कापलं आणि वाटेत दिसलेल्या प्लॅस्टिकचे फोटो नकाशावर नोंदवत गेल्या. त्यातून कचरा कुठे साठतो ते दिसलं. असं काही हाती घेऊन परत याल का, ते सांग दर्यावेडी.

दर्यावेडी:
आत्या, बरोबर पकडलंत. काल रात्री तिघं यावरच बसलो होतो. सोबतची बोट रद्द केली. त्यामुळे आता खराब हवेत थांबावं लागेल, सहाचे आठ आठवडे झाले तरी चालतील. रोज ठरलेल्या वेळी बारीक जाळं मागे ओढून पाण्यातल्या प्लॅस्टिकच्या कणांचा नमुना घेणार, ठिकाण आणि वारा लिहून ठेवणार. आणि प्रत्येक बंदरावर एकच मागणी: फाटकी जाळी जमा करायला जागा द्या.

@कोरडा_किनारा, जाळ्यांचा मुद्दा तुमच्यामुळेच आला. आभार.

कोरडा_किनारा:
मागणी चांगली आहे. पण ती करायला वल्हवत कशाला जायचं? गाडीने जा, चौपट बंदरं होतील.

दर्यावेडी:
गाडीने एकदा गेले होते. मच्छीमारांनी चहा पाजून परत पाठवलं. वल्हवत गेले त्या वेळी आधी विचारलं, वाटेत वारा कुठून होता, जाळी कुठे तरंगताना दिसली. त्यांना वाटेतलं पाणी माहीत आहे, म्हणून माझं ऐकून घेतलं. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित.

कोरडा_किनारा:
पटलं नाही अजून. नमुन्यांचे आकडे मात्र इथे टाका, नक्की बघेन.

मासळीवाली_आत्या:
जाळ्याची वीण 0.3 मिलिमीटरच्या आसपासची घे, बाकीचे लोकही साधारण तीच वापरतात. म्हणजे तुझे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. आणि नमुन्याची बाटली काचेची हवी.