तीन वर्षांची बीएस्सी आणि जर्मनीतील एमएस्सी

प्रश्न: माझ्या मुलीने नाशिकमधून तीन वर्षांची बीएस्सी केली असून तिला जर्मनीत एमएस्सी करायची आहे. तेथे ही पदवी बॅचलरच्या तोडीची धरतात का?

उत्तर १: १९९९ मध्ये २९ देशांनी युरोपातील पदव्यांची रचना एकसारखी करण्याच्या बोलोन्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यानंतर जर्मनीतील जुनी ‘डिप्लोम’ पदवी बहुतांशी मागे पडून १८० क्रेडिटांची (अभ्यासाचा भार मोजण्याच्या एककांची), तीन वर्षांची बॅचलर पदवी रूढ झाली, त्यामुळे केवळ वर्षांचा अडसर येऊ नये. विद्यापीठाची नोंद परदेशी विद्यापीठांच्या व पदव्यांच्या मान्यतेची माहिती देणाऱ्या ‘अनाबिन’ या जर्मन माहितीसंचात अवश्य पाहावी.

उत्तर २: खरी अडचण विषयांची असते, कोणत्या विषयाचा किती अभ्यास झाला ते दाखवावे लागते. तेथे एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास, घरचा धरून. आपल्या गुणपत्रिकेवर ते कुठे दिसते? प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम, प्रात्यक्षिकांच्या तासांसह, विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी जोडला, तेव्हा कुठे माझा अर्ज पुढे सरकला.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. अभ्यासक्रमाच्या प्रतींसाठी उद्याच अर्ज करायला सांगते.