कमरेचा पट्टा पुरेसा नाही

काही जण म्हणतात की बांधकामाच्या साइटवर ओझं उचलणाऱ्यांना कमरेला बांधायचे पट्टे वाटले की पाठदुखी थांबते. मला हे पटत नाही. धडधाकट कामगाराची पाठ पट्ट्याने वाचते असा पुरावा नाही, असं कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायोश (NIOSH) या सरकारी संस्थेने १९९४ सालीच सांगितलंय. ओझं तेवढंच राहतं, वाकणंही तेवढंच.

फोंड्याला आमच्या घराचं काम चालू होतं तेव्हा रोज बघायचो. चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, एकेक तीस-पस्तीस किलोचा, पावसात भिजला की आणखी जड. टेम्पोतून सगळे खाली जमिनीवर उतरवलेले, म्हणजे प्रत्येक चिऱ्यासाठी पायापर्यंत वाकणं आलंच. शेवटी मुकादमाशी बोलून फळ्यांचा कमरेएवढा ओटा केला आणि टेम्पो थेट त्याला लावला. सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

आणखी एक. १९९८ च्या केंद्रीय बांधकाम कामगार नियमांत एकट्याने उचलायची मर्यादा पुरुषाला ५५ किलो, बाईला ३० किलो ठरवली होती. मग बाईच्या डोक्यावर अख्खा चिरा चढवतात तो कुठल्या हिशोबाने? आणि ५० किलोची सिमेंटची गोण पुरुषाच्या त्या मर्यादेत बसते म्हणून ती एकट्याच्या पाठीवर द्यावी असं नाही. हातगाडी आणा, नाहीतर दोघांनी धरा.